सामोपचाराचा चहा

४ ऑगस्ट २०२५
समान संधी कक्ष, विद्यापीठ

निले,

पाकीट बघून हसशील. पण तुझ्या आश्रमशाळेत रेंज हवी तर मागच्या टेकडीवर चढावं लागतं, आणि मला जे सांगायचंय ते तू टेकडीवर उभी राहून "काय? काय म्हणालीस?" करत ऐकण्यासारखं नाही. डहाणूच्या कॉलेजात बाकाखालून चिठ्ठ्या पाठवायचो, तेच समज.

तर बाई, मला नोकरी लागली. कंत्राटी आहे, पण विद्यापीठात आहे. चिखल्याहून आईने सगळ्या मासळीबाजाराला सांगून टाकलं की पोरगी साहेब झाली. कसली साहेब! खात्याचं नाव 'समान संधी कक्ष'. जातीवरून, जमातीवरून, भाषेवरून कुणी छळलं तर विद्यार्थ्याने इथे यायचं. मी अर्ज घ्यायचा, समितीपुढे ठेवायचा आणि बैठकीत कोण काय बोललं ते टिपायचं. खोली जिन्याखाली. शेजारी झेरॉक्सवाला. पोरं रडवेली होऊन दारापर्यंत येतात, मला बघतात आणि झेरॉक्स काढून निघून जातात. अध्यक्ष मॅडम स्वभावाने चांगल्या, कधी आवाज चढवत नाहीत. पण त्यांचा सगळा जीव एका शब्दात अडकलाय: सामोपचार. अहवालात 'प्रलंबित तक्रारी: शून्य' असं लिहिता आलं की त्यांना रात्री झोप लागते.

आता मुद्द्याचं. हे गोपनीय असतं, तुला सांगायला नको, पण माझा जीव थाऱ्यावर नाही. परवा एक मुलगी आली. एम.एस्सी., रसायनशास्त्र. नाव शितल, वडील भिकू, पत्ता गंजाड. तुझंच गंजाड गं! तिचे गाइड (त्यांचं नाव लिहीत नाही, 'सर' म्हणते) तिला लॅबमधल्या मशीनकडे फिरकू देत नाहीत. बाकीची पोरं प्रयोग करतात, ही बेसिनपाशी काचेची भांडी धुते. "तुम्हा लोकांना हाताची कामं छान जमतात," असं वर हसून सांगतात. मग पाहुणे यायचे होते तर म्हणाले, तुमचा तो तारपा नाच करून दाखव, कपडेही तसलेच घालून ये. ती नाही म्हणाली. त्या दिवसापासून तिच्या प्रकल्पावर सरांची सही होत नाही. सही नाही तर वर्ष बुडालं.

दुसरे गाइड द्या, एवढंच तिचं मागणं. तेवढं बोलली आणि पंख्याकडे बघत बसली. तू ओळखतेस का तिला? बाप पाठीशी उभा राहील का? आईबापांना बोलवायचं मॅडमच्या डोक्यात आहे. लगेच लिही.

तुझी क्रांती


१३ ऑगस्ट २०२५
तलासरी

क्रांते,

गोपनीय म्हणतेस आणि नाव-गाव-पत्ता सगळं लिहितेस. धन्य आहेस!

ओळखते. आमच्याच पाड्यातली. आई पुतळी, बाप भिकूकाका, एक धाकटा भाऊ. पाड्यातून एम.एस्सी.ला गेलेली ती पहिली. गेली त्या दिवशी बायाबापड्या फाट्यापर्यंत सोडायला आल्या होत्या, आणि एसटी सुटल्यावर पुतळीकाकी तिथेच दगडावर बसून राहिली. म्हणजे तू समज, तिचं वर्ष बुडणं हे एकटीचं बुडणं नाही.

ती खोटं बोलणारी नाही. उलट अर्धंच बोलली असेल. दहावीत असताना पायात काटा मोडला तर आठवडाभर लंगडली, पण सांगितलं नाही.

एक काम कर. भिकूकाकाला बोलवू नका. का ते विचारू नकोस, फक्त बोलवू नका. तो माणूस मोठ्यांपुढे बसला की स्वतःचं विसरतो. जे काय ते पोरीशीच बोला, ती शिकलेली आहे. आणि तुझ्या मॅडमना सांग, भांडण मिटवणं वेगळं आणि भांडणारीला गप्प करणं वेगळं. आमच्या शाळेत मी रोज दोन्ही करते, म्हणून मला फरक कळतो.

इथे पोरांना ताप, एक शिपाई रजेवर आणि वॉर्डनचं काम माझ्या गळ्यात. तरी तुझ्या पत्राची वाट बघते. काय झालं ते लपवू नकोस.

निलम


२९ ऑगस्ट २०२५
समान संधी कक्ष

निले,

मिटलं! अगं, मिटलं एकदाचं!

तू नको म्हणालीस तरी मॅडमनी शितलच्या वडिलांना बोलावलंच, माझं कोण ऐकतं. पण बरंच झालं, ऐक. काका सकाळी आले, पांढरी टोपी, धुवट सदरा. समोर सर, मध्ये मॅडम, कडेला शितल. सर इतके गोड बोलले की विचारू नकोस. "तुमची मुलगी म्हणजे माझीच मुलगी. बोलण्यात माझं काही चुकलं असेल तर मोठ्या मनाने विसरा. सहीचं काय, ती तर मी करणारच आहे." काका मान खाली घालून ऐकत होते. मग मॅडम म्हणाल्या, क्रांती, चहा आण.

मी आणला. काकांना बाकी कुणी विचारत नव्हतं म्हणून पहिला कप त्यांच्याच हातात दिला. म्हटलं, "घ्या काका, झालं गेलं सोडून द्या आता." माझ्याकडे बघितलं त्यांनी, बराच वेळ. बिचाऱ्यांचा हात थरथरत असावा, थोडा चहा खाली सांडला, नेमका मॅडमच्या गालिच्यावर. मॅडमनी 'अरे अरे' केलं, मी लगेच फडकं आणून पुसून घेतलं, म्हणजे त्यांना ओशाळं वाटायला नको. मग ते प्यायले. सरही प्यायले. मॅडमनी मला सांगितलं, लिहा: दोन्ही पक्षांचं समाधान, तक्रार निकाली. शितल म्हणाली, "पण गाइड?" काकांनी तिच्याकडे नुसतं बघितलं. तिने पेन घेतलं आणि सही केली.

संध्याकाळी मॅडमनी मला सगळ्यांसमोर शाबासकी दिली. म्हणाल्या, तुझ्यामुळे वातावरण मोकळं झालं. ऑक्टोबरात माझं कंत्राट संपतंय, ते वाढेल असं वाटतंय. तुला वाटेल हिला स्वतःचंच पडलंय. तसं नाही गं. पण आईचे गुडघे आता मासळीची पाटी डोक्यावर घेऊ देत नाहीत, हेही खरंच ना?

एकच खुपतंय. निघताना मी शितलला हाक मारली, तिने मागे वळून बघितलं नाही. दमली असेल.

क्रांती


१० सप्टेंबर २०२५
तलासरी

क्रांती,

तुझं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा फाडावंसं वाटलं.

चहा सांडला नाही, बये. त्याने तो भुईला दिला.

आमच्या पाड्यात तंटा मिटवायला बसतात तेव्हा शेवटी ताडी येते. ज्याच्यावर दोन्हीकडच्यांचा भरवसा असेल तो ती हातात देतो आणि देताना मोठ्याने सांगतो, हे कशाचं आहे ते. घेणारा आधी दोन थेंब भुईवर सोडतो, मग घोट घेतो. समोरच्यानेही घेतला की तंटा संपला. पुन्हा तो विषय तोंडातून काढायचा नाही, मरेपर्यंत नाही. काढला तर सगळ्या पाड्यात त्याच्या शब्दाला किंमत राहत नाही. भिकूकाकाला वाटलं, साहेबलोकांत ताडी कुठली असणार, यांच्यात चहा देत असतील. आणि तू काय म्हणालीस हातात देताना? "झालं गेलं सोडून द्या." याहून स्पष्ट कुणी काय सांगणार?

तो तुला भरवशाची समजला, कारण तू डहाणूकडची हे बोलण्यावरूनच त्याला कळलं. आपल्याकडची पोरगी देतेय म्हणजे खरं असणार. त्याच्या देवाला दिलेलं तू फडक्याने पुसलंस ते वेगळंच.

म्हणून म्हटलं होतं, बोलवू नका. कारण लिहायला हवं होतं, लिहिलं नाही. आमच्या चालीरीती पाकिटात घालून पाठवायची मला लाज वाटली असेल, काय माहीत. ती माझी चूक.

आता पुढचं ऐक. सही झालेली नाही. सरांनी तिला म्हटलं, "तक्रार केलीस ना, आता सगळं नियमाने होईल. आधी भांडी." ती बॅग घेऊन घरी आली. सध्या घोलवडला चिकूच्या वखारीत पेट्या भरते. बापाला म्हणाली, पुन्हा तक्रार करते. तो म्हणाला, मी घोट घेतलाय. सरांनी मोडलं असेल तर त्यांचा शब्द त्यांच्यापाशी, आपण मोडायचं नाही. पुतळीकाकी रडून रडून आजारी पडली.

पाड्याचे तंटे मिटवतो त्या कारभाऱ्याला मी जाऊन विचारलं, सुटका आहे का? म्हणाला, एकच. ज्याने हातात दिलं त्याने पाड्यात यावं आणि सगळ्यांसमोर सांगावं की ते तंट्याचं नव्हतं. दुसऱ्या कुणी सांगून चालत नाही.

म्हणजे तू.

निलम


१९ सप्टेंबर २०२५

निलम,

मी काय ज्योतिषी आहे? चहा आण म्हणाले, मी आणला. शिपायाने आणला असता तर तू त्याला पत्र लिहिलं असतंस? समिती त्यांची, निर्णय त्यांचा, गालिचा त्यांचा आणि पाप माझ्या माथी! आम्ही समुद्राकाठचे, तुमच्या पाड्यातलं आम्हाला कसं कळायचं? तू कधी सांगितलंस? कॉलेजात तीन वर्षं माझ्या डब्यातले बोंबील खाल्लेस, कधी आपल्या घरी नेलंस?

आणि समजा मी आले. तिथे काही बोलले म्हणजे इथेही तेच बोलावं लागणार. बैठकीचं टिपण माझ्याच हातचं आहे. 'समाधान' हा शब्द मीच लिहिलाय. तो खोटा होता असं मीच लिहून द्यायचं आणि मग कंत्राट वाढवा म्हणून मॅडमपुढे उभं राहायचं, असं ना?

मला नाही जमणार. राग आला तर येऊ दे.

क्रांती

ता. क. दसऱ्यानंतरच्या रविवारी डहाणूहून गंजाडला एसटी किती वाजता आहे? नुसतं विचारतेय.


८ ऑक्टोबर २०२५
तलासरी

क्रांते,

रविवारी पाड्यातून तू परतीची एसटी पकडायला पळालीस, डोळे पुसत. चप्पलही उलटी घातली होतीस. थांबायला हवं होतंस, कारण खरं पुढेच झालं. ते सांगते.

आधी तुझं. छान बोललीस. मला वाटलं होतं तू भाषण ठोकशील. पण तू भिकूकाकासमोर खाली बसलीस आणि म्हणालीस, "काका, मी चहा दिला तेव्हा काहीच मिटलं नव्हतं. सही झाली नव्हती. मला मिटवायची घाई होती, म्हणून तसं बोलले." पाड्यातल्या लाडकीआजीने विचारलं, "मग भुईवरचं का पुसलंस?" तेव्हा तुझा बांध फुटला. तुझ्या रडण्यामुळे नाही हं, पण तू उत्तर शोधलं नाहीस म्हणून म्हातारी गप्प झाली. कारभारी म्हणाला, ते पिणं तंट्याचं नव्हतं. भिकूकाका एवढंच बोलला, "मग मी मोकळा." इतके दिवस त्या माणसाने धड जेवण केलं नव्हतं.

तू गेलीस. बाया उठायला लागल्या. कुणीतरी म्हणालं, चला, झालं. आणि शितल उभी राहिली.

इतक्या वर्षांत मी तिचा आवाज चढलेला ऐकला नव्हता. बापाला म्हणाली, "छळ माझा झाला. भांडी मी धुतली. नाच म्हणून मला सांगितलं. मग घोट तू कसा घेतलास? आणि आज तो परत केलात तेव्हा तरी कुणी मला विचारलं का? तिकडे मॅडम मिटवतात, इकडे कारभारी उघडतो. मी कोण आहे यात?"

मी मध्ये पडायला गेले, तर माझ्याकडे वळली. "आणि निलमताई, तू! तक्रार कर, कर म्हणून महिनाभर तू माझ्या मागे लागलीस. मी नको म्हणत होते." खरं आहे, क्रांती. तुला पहिल्या पत्रात सांगितलं नाही. अर्ज करायला मीच तिला भरीला पाडलं, आणि तू विचारलंस तेव्हा नुसती 'ओळखते' म्हणून मोकळी झाले. आपण सगळ्यांनी तिचं भलं करायचं ठरवलं होतं आणि ती कडेला खुर्चीत बसली होती.

भिकूकाका उठला, तिच्याजवळ गेला आणि म्हणाला, "बाय, मग तू सांग." बस्स. एवढंच.

ती म्हणाली, विचार करून सांगते. काल वखारीतून हिशेब घेऊन आली. जाणार आहे म्हणते. काय करणार ते मला सांगत नाही, आणि मी विचारत नाही. शिकतेय मी.

तू तुझं बघ. लिहून द्यायचं की नाही ते तूच ठरव. मी आता कुणाच्या मागे लागणार नाही.

निलम


२ नोव्हेंबर २०२५
चिखले

निले,

पत्त्यावरूनच कळलं असेल.

दिलं लिहून. 'दि. २९ ऑगस्टच्या टिपणातील समाधान हा शब्द वस्तुस्थितीला धरून नाही, तो मी लिहिला आहे.' एक प्रत मॅडमना, एक वरच्या कार्यालयात, म्हणजे खणात ठेवून देता येऊ नये. मॅडम रागावल्या नाहीत. चष्मा काढून म्हणाल्या, "माझ्याशी आधी बोलली असतीस, तर आपण सामोपचाराने..." मग स्वतःच थांबल्या. महिनाअखेरीला कंत्राट संपलं. कुणी काढलं नाही हं मला. नुसतं वाढवलं नाही. कायद्याने बघायला गेलं तर कुणाचीच चूक नाही, आणि हेच मला रात्रंदिवस खातंय.

तक्रार पुन्हा उघडली, एवढं निघता निघता कळलं. सुनावणी कधी, काय, मला आता कोण सांगणार? शितलला फोन करायला हात जात नाही. आई म्हणते, साहेब परत आला, बरं झालं, पाटी उचल. हसते आणि तोंड फिरवते. मला सगळं समजतं. सकाळपासून घरात येरझाऱ्या घालतेय, तुला काही कळलं तर लिही.

क्रांती


२६ नोव्हेंबर २०२५
मुलींचं वसतिगृह

क्रांतीताई,

निलमताईने तुमचा पत्ता दिला. तुम्ही दोघी पत्रं लिहिता, म्हणून मीही लिहिते. माझं अक्षर चांगलं नाही.

तुम्ही पाड्यात येऊन रडलात तेव्हा मला तुमचा राग आला होता. हिला रडायला मिळतं, मला नाही, असं वाटलं. ते सांगून टाकते म्हणजे पुढचं नीट लिहिता येईल.

परवा सुनावणी झाली. मी एकटी गेले. बाबा येतो म्हणाला, मी नको म्हटलं, तो बरं म्हणाला. आत मॅडम, बाहेरून आलेले दोन सदस्य, सर. तुमच्या जागी एक नवीन मुलगा लिहायला होता. तुमचा जबाब वाचला. सरांनी विचारलं, ही बाई कोण? मॅडम म्हणाल्या, आमच्याकडे होती पूर्वी. मी म्हटलं, ती माझी साक्षीदार आहे, तसं लिहा. त्या मुलाने मॅडमकडे बघितलं. बाहेरच्या सदस्यबाई म्हणाल्या, लिही.

मग सर बोलले. मुलगी माझ्याच मुलीसारखी वगैरे. मी मध्येच म्हटलं, मी भिकूची मुलगी आहे, माझं नाव शितल आहे. मग मी सगळं सांगितलं. अर्जात नव्हतं तेही सांगितलं. पाहुण्यांच्या दिवशी मी नाच नाही म्हटल्यावर सरांनी त्यांना माझ्यासमोर सांगितलं होतं, "हे लोक लाजाळू असतात, पण दोन पेले दिले की नाचतात." सगळे हसले होते. मी पाण्याचे ग्लास गोळा करत होते. हे मी आईलाही सांगितलं नव्हतं. तिथे मात्र मी शेवटपर्यंत सांगितलं. सर म्हणाले, तो विनोद होता. सदस्यबाईंनी विचारलं, आता पुन्हा सांगा बघू, आम्हीही हसू. सर घड्याळात बघू लागले.

शेवटी मॅडम म्हणाल्या, शितल, तुझ्या मागणीप्रमाणे तुला दुसरे गाइड देऊ. पलीकडच्या इमारतीत लहान लॅब आहे, तिथे तुझी सोय करू. उगाच समोरासमोर यायला नको. सगळ्यांनी मान हलवली. सरांनीही.

ताई, मी तेच मागितलं होतं. अर्जात तेच होतं. पण तिथे बसल्यावर मला वाटलं, मी का जाऊ? मी म्हटलं, दुसरे गाइड हवेत, पण मी लॅब बदलणार नाही. मशीन इथे आहे. मी इथे प्रवेश घेतलाय. समोरासमोर यायचं नसेल तर सरांना पलीकडे पाठवा.

तो नवीन मुलगा पेन धरून बसला होता. मी त्याला म्हटलं, लिही.

निकाल अजून नाही. चौकशी संपेपर्यंत सरांनी त्या लॅबमध्ये यायचं नाही, असा कागद काल निघाला. आज सकाळी मी गेले. बेसिनमध्ये भांडी साचली होती. मी ती तशीच ठेवली आणि मशीन चालू केलं.

शितल